क्रोशाची स्लिंग बॅग आणि तिच्यासाठी दोऱ्याची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खांद्यावरून तिरकी अडकवायची, कमरेपाशी टेकणारी लहान बॅग क्रोशाने विणताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मोजमापे सांगताना घोटाळा होऊ नये म्हणून सर्व उत्तरांत एकच बॅग डोळ्यांसमोर ठेवली आहे. तिचा तळ लंबगोल, सुमारे १९ सेंमी लांब आणि ४.५ सेंमी रुंद आहे. उंची १८ सेंमी आहे. मागून पुढे येणारे १४ सेंमीचे झाकण आहे आणि ३ सेंमी रुंदीचा, साधारण १२० सेंमी लांबीचा पट्टा आहे. मोबाइल, पाकीट, किल्ल्या, रुमाल आणि चष्म्याचे घर एवढे सामान तिच्यात बसते. पाण्याची बाटली तिच्यासाठी नाही.

मला फक्त साखळी आणि खांब येतात. मी ही बॅग विणू शकेन का?

होय. साखळी, मुका खांब (सुईवर आधी दोरा न घेता विणलेला आखूड खांब) आणि स्लिप स्टिच (दोरा टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून एकदमच ओढून घातलेला टाका) एवढ्यावर ही संपूर्ण बॅग होते. ज्यांनी रुखवतासाठी तोरण किंवा थालपोश विणला आहे त्यांना विणकाम अवघड जाणार नाही. त्यांना नवी वाटेल ती घट्ट विणण्याची सवय, कारण जाळीच्या कामात हात मुद्दाम सैल ठेवलेला असतो आणि बॅगेत तोच सैलपणा नडतो.

बॅगेसाठी सर्वांत चांगला दोरा कोणता?

पहिल्या बॅगेसाठी मध्यम जाडीचा, घट्ट पिळाचा सुती दोरा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानात दोरा निवडताना आपण सवयीने तो गालाला लावून पाहतो, बोटांत चुरगाळतो आणि मऊ असेल तो उचलतो. स्वेटर किंवा बाळाच्या टोपडे-मोज्यांसाठी ही रीत योग्य आहे. बॅग मात्र दिवसभर अर्धा-पाऊण किलो वजन पेलते, कपड्यांना आणि बसच्या सीटला घासते आणि तिच्यात वारंवार हात जातो. त्यामुळे दोऱ्याचा मऊपणा येथे शेवटी पाहायचा. तो ताणल्यावर किती लांबतो, घासल्यावर त्याचा काथ्या होतो का आणि त्याचा पीळ किती पक्का आहे, या तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

तपासणी दुकानातच करता येते. दोऱ्याचे वीतभर टोक दोन्ही हातांत धरून ताणावे. स्पष्टपणे लांबून पुन्हा आखडणारा दोरा बॅगेला लवचीक पडेल. नंतर टोक दोन बोटांत धरून पिळाच्या उलट दिशेला फिरवावे. दोन-तीन वेढ्यांतच पदर सुटे होऊन पिंजारले, तर विणताना सुई दर चार टाक्यांनी पदरांमध्ये घुसेल आणि वापरात तेच पदर किल्ल्यांना अडकून बाहेर ओढले जातील. शेवटी नखाने दहा-बारा वेळा एकाच जागी खरवडून पाहावे. लव उठली तर बॅगेच्या तळाची आणि पट्ट्याच्या खांद्यावरील भागाची काय अवस्था होणार, याचा अंदाज येतो. दुकानदार जरा विचित्र नजरेने पाहतो, त्याला इलाज नाही.

सुती दोऱ्याचे दोषही माहीत असावेत. तो अ‍ॅक्रिलिकपेक्षा जड असतो, त्याला लवचीकपणा कमी असल्याने घट्ट विणताना बोटे लवकर थकतात, आणि भिजला तर वाळायला वेळ घेतो. एकदा वजनाने ताणला गेला की तो आपोआप पूर्वस्थितीला येत नाही. म्हणून पट्टा आणि अस्तर या दोन गोष्टींकडे जास्त लक्ष द्यावे लागते. त्यांची माहिती पुढे आहे.

‘मर्सराइज्ड’ दोरा म्हणजे काय? त्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४४ च्या सुमारास असे पाहिले की, सुती कापडावर कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणाची प्रक्रिया केली की तंतू फुगतात, अधिक मजबूत होतात आणि रंग चांगला धरतात. पुढे हीच प्रक्रिया सूत ताणून धरून करण्यात येऊ लागली आणि त्यामुळे आज ओळखीची असलेली रेशमी चकाकी सुताला आली. अशा दोऱ्याची लव कमी असते, टाके रेखीव दिसतात आणि रंग उठावदार असतो. लग्नसमारंभात मिरवायच्या बॅगेसाठी तो जरूर घ्यावा. रोजच्या वापरासाठी साधा, चकाकी नसलेला सुती दोराही पुरेसा आहे. उलट मर्सराइज्ड दोरा गुळगुळीत असल्यामुळे त्याची शेवटची टोके नीट लपवली नाहीत तर निसटून बाहेर येतात.

घरात स्वेटरची लोकर पडून आहे. ती चालेल का?

आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळणाऱ्या वर्धमान, गंगा यांसारख्या कंपन्यांच्या पुष्कळशा गुंड्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. लेबलवर ते लिहिलेले असते. अ‍ॅक्रिलिक हलके आणि स्वस्त असते, रंग भरपूर मिळतात आणि भिजले तरी लवकर वाळते. पण ते ताणते आणि घासले की पृष्ठभागावर बारीक गोळे धरते. लहान मुलीची खाऊची किंवा खेळण्याची बॅग करायची असेल तर खुशाल वापरावे. मोठ्या माणसाच्या रोजच्या बॅगेसाठी वापरायचेच असेल, तर दोन पदरी धरून, नेहमीपेक्षा बारीक सुईने विणावे आणि पट्टा मात्र त्याच लोकरीचा करू नये. सराव म्हणून पहिला तळ आणि चार-पाच फेऱ्या त्या लोकरीने विणून उसवणे, हा तिचा सर्वांत चांगला उपयोग आहे.

खऱ्या मेंढीच्या लोकरीची बॅग सुंदर होते, पण आपल्या हवेत ती खांद्याला टोचते आणि कपाटात कसर लागण्याची भीती असते.

मॅक्रमेची दोरी, टी-शर्टचा दोरा, ताग किंवा नायलॉन यांपैकी काय निवडावे?

यांतील प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. मॅक्रमेची, म्हणजे गाठी मारून शोभेच्या वस्तू करण्याची, ३ मिलीमीटरची सुती दोरी वापरली तर बॅग भराभर वाढते आणि अस्तराशिवायही उभी राहते. मात्र ती घेताना तीन पदरी पिळाची दोरी टाळावी, कारण विणताना तिचा पीळ उलगडत जातो. गोफासारखी विणलेली किंवा एकेरी, सैल पिळाची दोरी सुईला अधिक मानवते. या दोरीने मुका खांब विणणे हे मनगटाचे काम आहे, हे आधी समजून घ्यावे.

टी-शर्टच्या कापडाच्या पट्ट्यांचा दोरा जाड आणि ताणणारा असतो. त्याची टोपली छान होते. बॅग मात्र रिकामीच इतकी जड होते की ती वापरणे हळूहळू बंद पडते, म्हणून आम्ही तो सुचवत नाही.

तागाला देखणा, मातकट रंग असतो आणि आकार तो उत्तम धरतो. पण तो हाताला आणि कपड्यांना टोचतो, त्याचे तंतू झडतात आणि ओला झाला की तो कमकुवत होतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तागाची बॅग दिवाळीनंतर बाहेर काढावी आणि वळवाच्या सरी येण्याआधी आत ठेवावी.

नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा गोल दोरा पावसाळ्यासाठी सर्वांत व्यवहारी आहे. तो सहजासहजी झिजत नाही, चटकन वाळतो आणि टाके ठसठशीत दिसतात. त्याची गाठ मात्र निसटते. म्हणून टोक तीन-चार इंच आत ओवून, उरलेला तुकडा कापून, कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरून वितळवावी लागते. हे काम मुलांपासून दूर, सुती कपडे घालून करावे.

लेबल नसलेला दोरा सुती आहे की नाही, हे कसे ओळखावे?

पुण्यात तुळशीबाग, रविवार पेठ किंवा मुंबईत भुलेश्वर भागात वजनावर मिळणाऱ्या दोऱ्यांना पुष्कळदा लेबल नसते. घरी आणल्यावर बोटभर तुकडा चिमट्यात धरून, धुण्याच्या दगडाजवळ किंवा सिंकमध्ये पेटवून पाहावा. सूत कागदासारखे जळते, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे मऊ, करडी राख उरते. अ‍ॅक्रिलिक, नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळतात आणि थंड झाल्यावर त्यांचा कडक मणी होतो. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडता येते. मिश्र दोरा राखही सोडतो आणि त्या राखेत खरखरीत कणही लागतात.

प्लाय, नंबर आणि जाडी यांचा संबंध काय?

प्लाय म्हणजे पदरांची संख्या. चार बारीक पदरांचा दोरा दोन जाड पदरांच्या दोऱ्यापेक्षा बारीक असू शकतो, म्हणून केवळ प्लायवरून जाडी कळत नाही. क्रोशाच्या बारीक सुती दोऱ्याला १०, २०, ४० असे नंबर असतात आणि तेथे नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. जे परदेशातून दोरा मागवतात किंवा तेथेच राहतात त्यांनी लक्षात ठेवावे की अमेरिकेत जाडीला ० ते ७ असे आकडे आहेत आणि तेथे आकडा वाढला की जाडी वाढते. त्यांतील ३ किंवा ४ नंबरचा सुती दोरा आपल्या बॅगेला योग्य आहे. ऑस्ट्रेलियात त्याच जाडीला ८ प्लाय आणि १० प्लाय म्हणतात.

या सगळ्यापेक्षा सोपा मार्ग असा : पट्टीवर दोरा न ताणता, शेजारी शेजारी, २.५ सेंमी जागा भरेपर्यंत गुंडाळावा. नऊ ते अकरा वेढे बसले तर जाडी बरोबर आहे. पंधरा-सोळा बसले तर दोरा दुहेरी घेऊन विणावे.

सुई कोणत्या मापाची घ्यावी?

लेबलवर दिलेले माप बहुधा कपड्यांसाठी असते. बॅगेसाठी त्यापेक्षा अर्धा ते एक मिलीमीटर बारीक सुई घ्यावी. वर सांगितलेल्या जाडीच्या सुती दोऱ्याला ३.५ मिलीमीटरची सुई बहुतेकांना जमते. हात सैल असेल तर ३ मिलीमीटरची घ्यावी. विणलेला तुकडा उजेडासमोर धरल्यावर टाक्यांमधून प्रकाशाचे ठिपके दिसत असतील तर सुई आणखी बारीक हवी.

कोणता टाका वापरावा?

मुका खांब. उंच खांबाने काम लवकर उरकते, पण दोन खांबांमधल्या फटीतून किल्लीचे टोक बाहेर डोकावते आणि वजन पडल्यावर त्या फटी लांबतात. मुका खांब विणताना सुई टाक्यात घातल्यावर दोरा सुईवरून न घेता सुईच्या आकड्याने खालून ओढला, तर टाका आखूड आणि अधिक घट्ट होतो आणि त्याचा आकार फुलीसारखा दिसतो. ही सवय अंगवळणी पडायला दोन-तीन ओळी लागतात. एका बॅगेत दोन्ही पद्धती मिसळू नयेत. मापात फरक पडतो.

दोरा किती लागेल?

आधी १० × १० सेंमीचा नमुना विणावा, तो धुऊन वाळवावा आणि स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलावा. समजा तो ९ ग्रॅम भरला. आता बॅगेचे क्षेत्रफळ काढायचे : तळ सुमारे ८१ चौरस सेंमी, भोवतालची भिंत ४३ × १८ म्हणजे ७७४, झाकण १८.५ × १४ म्हणजे २५९ आणि पट्टा १२० × ३ म्हणजे ३६०. एकूण १,४७४ चौरस सेंमी होतात. दर शंभराला ९ ग्रॅम या हिशेबाने १३३ ग्रॅम लागतील. उसवणे, टोके, पट्ट्याच्या कड्या धरणाऱ्या छोट्या पट्ट्या यांसाठी १५ टक्के धरले की आकडा १५३ ग्रॅमवर जातो. म्हणजे ५० ग्रॅमच्या तीन गुंड्या अगदी थोडक्यात कमी पडतील. चार घ्याव्यात आणि चारही गुंड्यांवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे हे काउंटरवरच पाहून घ्यावे. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानाच्या दिव्यात दिसत नाही आणि उन्हात गेल्यावर पहिल्यांदा तोच दिसतो.

इंटरनेटवरील नमुना तंतोतंत पाळूनही माप चुकते. असे का होते?

बहुतेक वेळा कारण अमेरिकी आणि ब्रिटिश संज्ञांमधील फरक हे असते. आपला मुका खांब अमेरिकी लिखाणात सिंगल क्रोशे असतो आणि ब्रिटिश लिखाणात डबल क्रोशे. आपला खांब अमेरिकेत डबल, तर ब्रिटनमध्ये ट्रेबल. नमुन्यात कोठेही सिंगल क्रोशे हे शब्द आले असतील तर तो अमेरिकी पद्धतीचा आहे असे समजावे, कारण ब्रिटिश पद्धतीत ती संज्ञा वापरत नाहीत.

लंबगोल तळ कसा विणावा?

येथे दहा सेंमीत २० मुके खांब आणि सुमारे २२ ओळी बसतात असे धरले आहे. ३१ साखळ्या घालाव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घालून पुढे प्रत्येक साखळीत एक, असे २९ मुके खांब विणावेत. शेवटच्या साखळीत तीन घालून काम फिरवावे. साखळीच्या खालच्या बाजूने २८ विणून, जेथे पहिला टाका घातला होता त्याच साखळीत आणखी दोन घालावेत. पहिली फेरी ६२ टाक्यांची होते. यापुढे प्रत्येक फेरीत दोन्ही टोकांना, एका टाक्यात दोन मुके खांब घालून, तीन-तीन टाके वाढवायचे : दुसरी फेरी ६८, तिसरी ७४, चौथी ८० आणि पाचवी ८६. वाढवण्याच्या जागा दर फेरीत किंचित पुढे-मागे कराव्यात, नाहीतर टोकांना कोपरे येतात.

तळाच्या कडा वर वळू लागल्या तर टाके कमी पडत आहेत. कडा लाटांसारख्या झाल्या तर टाके जास्त झाले आहेत. पाच फेऱ्या झाल्यावर तळ टेबलावर सपाट बसला पाहिजे. सहावी फेरी न वाढवता, टाक्याच्या डोक्यावरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यातून विणावी. त्यामुळे तळ आणि भिंत यांच्यामध्ये स्वच्छ घडी पडते. त्यानंतर नेहमीप्रमाणे दोन्ही धाग्यांतून, ८६ टाक्यांच्या सुमारे ४० फेऱ्या विणल्या की १८ सेंमी उंची येते.

फेऱ्यांची सुरुवात हळूहळू तिरकी सरकते. माझे काही चुकते आहे का?

नाही. एकाच दिशेने गोल विणताना मुका खांब खालच्या टाक्याच्या अगदी डोक्यावर न बसता थोडा बाजूला बसतो आणि चाळीस फेऱ्यांत हा सरकलेपणा चांगलाच दिसू लागतो. त्यामुळे झाकणाची जागा सुरुवातीच्या खुणेवरून ठरवू नये. बॅग तळाच्या घडीवर सपाट दाबून, दोन्ही कडांना सेफ्टी पिना लावून, मागच्या बाजूचे ४३ टाके मोजावेत आणि त्यांपैकी मधल्या ३७ टाक्यांवर झाकण उलटसुलट ओळींनी विणावे. शेवटच्या चार ओळींत दोन्ही कडांना एकेक टाका घटवला की झाकणाचे कोपरे गोलसर होतात.

पट्टा दोन आठवड्यांत गुडघ्यापर्यंत लोंबू लागला. यावर उपाय काय?

क्रोशाच्या बॅगेविषयी सर्वाधिक तक्रार हीच असते, आणि या प्रश्नाचे उत्तर पट्टा विणायच्या आधीच द्यावे लागते. तीन सेंमी रुंदीची पट्टी आडव्या लहान ओळींनी, एकावर एक विणत नेली, तर सगळे वजन ओळींना एकमेकींपासून दूर ओढते. प्रत्येक ओळ अर्धा मिलीमीटर लांबली तरी अडीचशेहून अधिक ओळींत १२ सेंमींपेक्षा जास्त वाढ होते. त्याऐवजी पट्टा लांबीच्या दिशेने विणावा. म्हणजे सुमारे २३० साखळ्या घालून त्यांवर मुक्या खांबांच्या सहा किंवा सात लांब ओळी विणाव्यात. येथे वजन ओळींच्या दिशेने पडते आणि ताण बराच कमी होतो. साखळी एक नंबर मोठ्या सुईने घालावी. ती आवळली गेली तर पट्टा धनुष्यासारखा वाकतो. शेवटी दोन्ही लांब कडांवरून स्लिप स्टिचची घट्ट ओळ फिरवावी.

२३० साखळ्यांचा पट्टा ११५ सेंमी भरतो. हवा असलेल्या मापापेक्षा तो मुद्दाम पाच सेंमी आखूड ठेवला आहे, कारण थोडा तरी ताणणारच. आपले माप काढण्यासाठी एक सुतळी घेऊन ती एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरकी धरावी आणि आरशात पाहून बॅग कोठे टेकायला हवी ते ठरवावे. साडीवर वापरायची असेल तर पदराच्या घड्यांची जाडी धरून दोन-तीन सेंमी वाढवावेत.

खरी खात्री मात्र आतून लावलेल्या निवारीने येते. २.५ सेंमी रुंदीची सुती निवार किंवा जाड सुती टेप पट्ट्याच्या उलट बाजूला ठेवून, दोन्ही कडांनी शिलाईच्या दुहेरी दोऱ्याने हातटीप घालावी. टेप आधी धुऊन आटवून घ्यावी. यानंतर वजन टेप पेलते आणि विणकाम फक्त वरून दिसण्यापुरते राहते. दोन्ही टोके धातूच्या, डी आकाराच्या कडीतून दुमडून तीन-चार सेंमी आत शिवावीत. बॅगेच्या बाजूंना कडी धरणारी जी छोटी पट्टी असते ती नुसती वरच्या फेरीला न शिवता किमान सहा-सात फेऱ्या खालपर्यंत शिवावी, नाहीतर वरचे चार टाके सगळा भार घेतात आणि तेथे कान उभे राहतात.

पट्टा लावून झाल्यावर बॅगेत एक किलो साखरेची पुडी ठेवून ती रात्रभर दाराच्या मुठीला टांगावी. सकाळी जे माप मिळेल ते पुढे फारसे बदलत नाही.

अस्तर लावणे आवश्यक आहे का?

आहे. अस्तर म्हणजे शोभेची गोष्ट नाही. बॅगेतले सामान प्रत्यक्षात अस्तरावर उभे असते. म्हणून अस्तर विणलेल्या बॅगेपेक्षा सर्व बाजूंनी किंचित लहान हवे. ते मोठे झाले तर भार पुन्हा टाक्यांवर येतो आणि बॅगेचे पोट सुटते. आपल्या बॅगेसाठी मांजरपाट, पॉपलीन किंवा जाडसर खादीचे २३ × २२ सेंमीचे दोन तुकडे पुरतात. तीन बाजूंनी एक सेंमी आत टीप मारावी, खालचे दोन्ही कोपरे त्रिकोणी दाबून ४.५ सेंमी रुंदीवर आडवी टीप घालावी म्हणजे अस्तराला तळ येतो, आणि वरची कड दीड सेंमी आत दुमडावी. तयार अस्तर बॅगेपेक्षा साधारण पाऊण सेंमी आखूड भरते आणि तेच हवे आहे. तळाशी बक्रमचा (कॉलरला लावतात त्या ताठ कापडाचा) लंबगोल तुकडा ठेवल्यास बॅग टेबलावर बसते.

मॅग्नेटचे बटण थेट विणकामाला लावू नये. अस्तराच्या मागे बक्रमचा किंवा जाड कापडाचा तुकडा ठेवून त्याला लावावे. रोज लोकलने जाणाऱ्यांनी झाकणावर विसंबून न राहता अस्तराच्या तोंडाशी चेन लावून घ्यावी. विणकामाला लावलेली चेन टाके ओढते, अस्तराला लावलेली सरळ चालते.

गडद रंग पांढऱ्या कुर्त्याला लागेल का?

लागू शकतो. विशेषतः लाल, काळा आणि गडद निळा. विणण्याआधी दोऱ्याचा हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून, रुमाल सुकेपर्यंत तसाच ठेवावा. रुमालावर रेघ उमटली तर तो रंग पांढऱ्या रंगाशेजारी विणू नये. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो, असे घरोघरी सांगितले जाते. रंगवून आलेल्या सुतावर त्याचा भरवसा धरू नये. रंग जाण्याचा थांबेपर्यंत गार पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळणे, एवढेच घरी करता येते.

बॅग धुवावी कशी आणि पावसाळ्यात जपावी कशी?

सुती बॅग गार पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवावी. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि सावलीत आडवी वाळवावी. पट्ट्याला धरून दोरीवर टांगली तर पाण्याचे वजन पट्टा लांबवते. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली की ते कायमचे लुळे पडते. तागाची बॅग भिजवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

पावसाळ्यात भिजलेली बॅग त्याच दिवशी रिकामी करून, अस्तर उलटून बाहेर काढून, पंख्याखाली वाळवावी. दमट कपाटात तशीच राहिली तर अस्तर आणि तळ यांच्या मध्ये बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा जात नाहीत. ठेवण्याआधी तोंड उघडे ठेवून तिला थोडे ऊन द्यावे, मात्र रंग विटेपर्यंत नाही.

घट्ट विणल्याने अंगठा दुखतो.

जाड मुठीची सुई घ्यावी, एका बैठकीत दहा-बारा फेऱ्यांवर थांबावे. दुखणे दुसऱ्या दिवशीही राहिले तर काम बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

विकायची असल्यास किंमत कशी ठरवावी?

या बॅगेत सुमारे साडेसहा हजार टाके आहेत. मिनिटाला १५ ते २० टाके हा सराईत हाताचा वेग धरला तरी नुसते विणायला साडेपाच ते सात तास जातात. अस्तर, निवार, कड्या आणि टोके लपवणे यांना आणखी तीन तास धरावेत. समजा सामानाला ३५० रुपये लागले आणि आपण तासाला ८० रुपये धरले, तर दहा तासांचे ८०० मिळून किंमत १,१५० रुपये होते. ‘दोऱ्याचे तर दोनशेच झाले असतील’ असे म्हणणारे गिऱ्हाईक भेटतेच. त्याच्याशी घासाघीस करण्यापेक्षा झाकण नसलेली, आखूड पट्ट्याची, कमी किमतीची वेगळी बॅग दाखवावी. याच बॅगेचे तास कमी धरू नयेत. बॅगेसोबत धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी आणि त्याच लॉटचा दोन-तीन मीटर दोरा द्यावा, म्हणजे कोठे टाका तुटला तर दुरुस्तीला त्याच रंगाचा दोरा हाताशी असतो.